तुमचे प्रश्न : मेलेला उंदीर घरात, हौदात, माळ्यावर

प्रश्न : धान्याच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागे मेलेला उंदीर सापडला. सासूबाई म्हणतात, शेपटीला धरून समोरच्या मोकळ्या प्लॉटवर फेकून दे. चालेल का? आणि त्या ज्वारीचं काय करायचं? (वाचक, जुळे सोलापूर)

प्लॉटवर अजिबात फेकू नका. उंदीर औषध खाऊन मेला असेल, तर तो खाणारं कुत्रं, मांजर किंवा घुबडही मरू शकतं. नुसत्या हातानेही उचलू नका. अंग गार पडलं की त्यातल्या पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधत बाहेर पडतात, आणि तेव्हा जवळ तुमचाच हात असतो.

आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास खोलीबाहेर थांबा. झाडू मारू नका, कारण सुकलेल्या लेंड्या आणि मूत यांची धूळ उडून नाकातोंडात जाते. प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा (साधारण 15 ग्रॅम) ब्लीचिंग पावडर कालवा, गाळ बसू द्या आणि वरची निवळी घ्या. पाकीट उघडल्यावर उग्र वास आला नाही, तर पावडर जुनी झाली आहे, तिचा उपयोग नाही. या पाण्यात फिनेल किंवा संडास धुण्याचं ॲसिड मिसळू नका. ॲसिडमुळे क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत जीव गुदमरतो.

रबरी मोजे आणि मास्क घाला. उंदीर आणि आजूबाजूच्या लेंड्या निवळीने चिंब भिजवा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. जाड पिशवी उलटी करून हातात घाला, उंदीर धरा, पिशवी सुलटी करून गाठ मारा. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून पुन्हा गाठ मारा. लेंड्या जुन्या कापडाने टिपून घ्या आणि ते कापडही त्यातच टाका. मग मोजे घातलेलेच हात साबणाने धुवा, मोजे काढा आणि परत हात धुवा.

घंटागाडीत टाकताना ही पिशवी ओल्या कचऱ्यात मिसळू नका. आत काय आहे हे कामगाराला सांगून वेगळी द्या. कचरा हाताने निवडणाऱ्या माणसाच्या हातात पिशवी अचानक फुटू नये, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी. स्वतःची जागा असेल तर विहीर-बोअरपासून दूर, दोन फूट खोल पुरा आणि वर दगड ठेवा, नाहीतर कुत्री उकरतात. पुरताना मात्र प्लॅस्टिक नको, कागदात गुंडाळा. जाळण्याचा विचार सोडा.

ज्या पोत्याला ओल लागली आहे किंवा ज्यात लेंड्या आहेत, ती ज्वारी टाकून द्या. ती जनावरांनाही घालू नका. बाकीची पोती कोरडी आणि शाबूत असतील, तर वापरायला हरकत नाही.

प्रश्न : हौदात उंदीर मरून तरंगत होता. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं. सगळं पाणी ओतून द्यायचं का? (वाचक, साखर पेठ)

हो. चार दिवसांचं पाणी ओतताना जीव तुटतो, पण उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याचे जंतू हाताच्या साध्या खरचटीतूनही शरीरात शिरतात. हे पाणी फार तर संडासात ओतायला वापरा. भांडी, आंघोळ, कपडे यांसाठी नको.

हौद उपसा, तळाचा गाळ काढा. झाकण तासभर उघडं ठेवल्याशिवाय आत कुणी उतरू नये, आणि वर एक माणूस उभा हवाच. दहा लिटर पाण्यात दीड चहाचा चमचा (8 ग्रॅम) ब्लीचिंग पावडरची निवळी करा, लांब दांड्याच्या ब्रशने भिंती आणि तळ घासा, अर्धा तास थांबा आणि थोड्या पाण्याने धुवून काढा. हौद काठोकाठ भरून क्लोरीन टाकण्याची पद्धतही आहे, पण त्यात आणखी एक हौद पाणी वाया जातं. सोलापुरात घासण्याचीच पद्धत परवडते. पहिल्या भरण्याचं पाणी पिण्यापूर्वी उकळा. झाकणाची फट बुजवा, ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी बसवा. उंदीर बहुतेक वेळा तिथूनच येतो.

आधीच ते पाणी कुणी प्यायलं किंवा वापरलं असेल आणि महिनाभरात ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर डॉक्टरांना हौदातल्या उंदराबद्दल आवर्जून सांगा.

प्रश्न : औषधाची वडी ठेवली होती. आता माळ्यावरून वास येतोय, पण उंदीर दिसत नाही. वडी खाऊन उंदीर बाहेर जाऊन मरतो ना? (वाचक, अशोक चौक)

हा गैरसमज आहे. ब्रोमाडायोलोन या उंदीर मारायच्या विषाच्या वडीने रक्त गोठायचं थांबतं. उंदीर तीन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, जिथे असेल तिथेच मरतो. वास सगळ्यात जास्त कुठे येतो आणि माश्या कुठे घोंगावतात, तिथे आधी बघा. सापडला नाही तर हवा खेळती ठेवा. उन्हाळ्यात चिचुंदरी किंवा लहान उंदीर लवकर सुकतो, घुशीचा वास मात्र दोन-तीन आठवडे टिकतो. मांजराने असा उंदीर खाल्ला असेल, तर वडीचं पाकीट घेऊन लगेच पशुवैद्याकडे जा. व्हिटॅमिन के वन हा त्यावरचा उतारा आहे.

प्रश्न : औषध न ठेवताच गल्लीत तीन-चार उंदीर मेलेले दिसले. उचलायचे का? (वाचक, सोलापूर)

तुम्ही उचलू नका. मुलांना आणि पाळीव जनावरांना तिथे जाऊ देऊ नका आणि त्याच दिवशी महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. 1994 मध्ये बीड जिल्ह्यात प्लेगचे रुग्ण सापडले, त्याआधी तिथे उंदीर मरून पडत होते. गल्लीत कुणी औषध टाकलं असण्याचीच शक्यता जास्त आहे, तरी ते आरोग्य विभागाला ठरवू द्या. दरम्यान कुणाला ताप येऊन जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.