वाचकांचे प्रश्न : लेव्हल भरपूर, तरी चित्र का फुटतं?

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या कंट्रोल रूमपासून पादऱ्याच्या नोडपर्यंत (प्रकाशाचा पुन्हा विजेचा सिग्नल करणारी पेटी) 20 किलोमीटर फायबर आहे, मध्ये स्प्लिटर (प्रकाश वाटणारा भाग) नाही. फायबरमधली घट कमी व्हावी म्हणून 1310 नॅनोमीटरचा ट्रान्समीटर काढून 1550चा, थेट मॉड्युलेशनचा (सिग्नलनुसार लेझरचा करंटच बदलणारा), 10 डीबीएमचा (डीबीएम म्हणजे प्रकाशाच्या पॉवरचं माप) लावला. त्याच वेळी क्वाम कॅरिअर (डिजिटल चॅनेल वाहून नेणारे सिग्नल) 40चे 60 केले. आता नोडवर लेव्हल पूर्वीपेक्षा जास्त मिळते, पण चित्रात चौकोन पडतात, वरच्या फ्रिक्वेन्सींवर अधिक. अ‍ॅम्प्लिफायर बदलूनही फरक नाही.
— एक केबल व्यावसायिक, वडोदरा

उत्तर : अ‍ॅम्प्लिफायरला हात लावू नका. बिघाड त्याच्या आधीच होतो आहे आणि त्याच्या तीन जागा संभवतात : ट्रान्समीटर, फायबर किंवा नोडचा रिसीव्हर.

सगळ्यात सोपी तपासणी रिसीव्हरची. 20 किलोमीटरला 1550वर साधारण साडेचार डीबी घट, कनेक्टर आणि स्प्लाइसचा (फायबरच्या कायमच्या जोडांचा) एक डीबी धरला, तरी नोडवर साडेचार डीबीएम प्रकाश पोचतो. बहुतेक नोड, प्रकाश 2 डीबीएमच्या वर गेला की, स्वतःच विकृती निर्माण करतात. 5 डीबीचा एससी-एपीसी (हिरव्या कनेक्टरचा) अटेन्युएटर, म्हणजे प्रकाश कमी करणारा तुकडा, लावा. प्रकाश 5 डीबी घटला की आरएफ (नोडमधून निघणारा विजेचा सिग्नल) 10 डीबी घटतो. तेवढा नोडच्या गेनमध्ये भरून काढा. चौकोन गेले तर प्रश्न मिटला.

नाही गेले, तर ट्रान्समीटरच्या शेजारीच 10 डीबी अटेन्युएटर आणि छोट्या पॅचकॉर्डवर सुटा रिसीव्हर जोडून मीटर लावा. इथेच एरर दिसत असतील तर लेझर क्लिप होतो आहे, म्हणजे जास्त भाराने सिग्नलची टोकं कापली जात आहेत. 40चे 60 कॅरिअर झाले की, प्रत्येकाची लेव्हल तीच ठेवल्यास, एकूण आरएफ भार जवळजवळ 1.8 डीबीने वाढतो. भाराच्या शिखरावर लेझरचा करंट थ्रेशोल्डखाली (प्रकाश देण्यासाठी लागणाऱ्या किमान करंटखाली) जातो आणि प्रकाश क्षणभर तुटतो. क्लिपिंगची खूण अशी, की एमईआर (सिग्नलच्या सरासरी शुद्धतेचं माप) चांगला दिसतो पण एफईसीपूर्वीचा (चुका दुरुस्त होण्याआधीचा) बीईआर, म्हणजे चुकलेल्या बिटांचं प्रमाण, बिघडतो; म्हणून नुसता एमईआर पाहून निश्चिंत होऊ नये. ट्रान्समीटर एमजीसीवर (हाताने ठरवलेल्या गेनवर) घ्या, नाहीतर तुम्ही कमी केलेली लेव्हल एजीसी (आपोआप बदलणारा गेन) परत उचलून घेतो. मग ड्राइव्ह (लेझरला दिलेली आरएफ लेव्हल) अर्ध्या-अर्ध्या डीबीने खाली आणत जा. क्लिपिंग असेल तर एक-दोन डीबीतच बीईआर झपाट्याने सुधारतो.

कंट्रोल रूममध्ये स्वच्छ आणि पादऱ्याला, अटेन्युएटर लावूनही, खराब? मग दोष फायबरमधल्या डिस्पर्शनचा (वेगवेगळ्या तरंगलांब्या वेगवेगळ्या वेळी पोचण्याचा), आणि तुमच्या वर्णनावरून माझा मुख्य संशय यावरच आहे. थेट मॉड्युलेशनमध्ये करंटबरोबर लेझरची तरंगलांबीही हलते, म्हणजे चर्प. साध्या सिंगलमोड फायबरला 1550वर किलोमीटरमागे सुमारे 17 पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर डिस्पर्शन असतं. 1310वर ते शून्याजवळ. चर्प आणि डिस्पर्शन मिळून दुसऱ्या क्रमाची विकृती (कॅरिअर एकमेकांत मिसळून होणारे नको असलेले सिग्नल), म्हणजे सीएसओ, तयार होते. ती फ्रिक्वेन्सीबरोबर वाढते, म्हणूनच वरचे चॅनेल आधी फुटतात. अंतर दुप्पट झालं की ती 6 डीबीने वाढते. इथे पॉवर वाढवून काहीही साधत नाही. ट्रान्समीटरमध्ये फायबरच्या लांबीचं सेटिंग असेल तर ते 20 किलोमीटरवर आणा. नसेल तर एक्स्टर्नल मॉड्युलेशनचा (लेझर स्थिर ठेवून प्रकाश बाहेरून बदलणारा) ट्रान्समीटर घ्यावा लागेल, आणि तो महाग पडतो.

त्याआधी 1310चा हिशोब करा. 20 किलोमीटरला 7 डीबी, कनेक्टर-स्प्लाइसचा 1 : 10 डीबीएमचा ट्रान्समीटर असेल तर नोडवर 2 डीबीएम उरतो, म्हणजे तिथेही 2-3 डीबीचा अटेन्युएटर लावावा लागेल. एवढ्या अंतरासाठी 1550कडे जायची गरजच नव्हती.

प्रश्न : निळ्या कनेक्टरची पॅचकॉर्ड हिरव्या अडॅप्टरला चालते का?

उत्तर : नाही. हिरव्या एपीसीचं टोक 8 अंश तिरकं, निळ्या यूपीसीचं जवळजवळ सपाट. मध्ये हवेची फट राहते, काही डीबी जातात आणि प्रकाश उलटा परततो. असे दोन जोड मार्गात असले की परावर्तित प्रकाश मूळ सिग्नलमध्ये मिसळून गोंगाट वाढवतो. अ‍ॅनालॉग मार्गावर सगळीकडे हिरवेच ठेवा. टोकं 99 टक्के आयसोप्रोपिलने पुसा. पुसण्याआधी लेझर बंद करा. 1550चा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.