रॉकी सोडून कुठला जुना बॉक्सिंग सिनेमा बघावा, आणि त्यात एवढं काय आहे?

माझं उत्तर 'द सेट-अप', १९४९ चा. दिग्दर्शक रॉबर्ट वाईज, हो तोच ज्याने पुढे 'साउंड ऑफ म्युझिक' केला. खाली शेवटही सांगतोय, त्यामुळे कोरा बघायचा असेल तर आधी बघून या, जेमतेम ७२ मिनिटांचा आहे.

गोष्ट एवढीशीच. स्टोकर थॉम्पसन, वय ३५, म्हणजे त्या धंद्यात म्हाताराच. त्याच्या मॅनेजरने, टायनीने, एका गुंडाकडून ५० डॉलर घेऊन मॅच विकलीय, दोन राउंड खेळायचे आणि मग आडवं व्हायचं. पण हे स्टोकरला सांगितलेलंच नाही! कशाला सांगायचं, तो तसाही हरणारच आहे, उगाच त्याला वाटा कोण देणार.

माझ्या मते पिक्चरचा सगळा जोर इथे आहे. फिक्सिंगच्या सिनेमात एरवी हिरोपुढे पैसे ठेवतात आणि तो घेऊ की नको करत बसतो. इथे याला लाच द्यावी एवढीही कुणी त्याची किंमत केलेली नाही. बायको ज्युली म्हणते बस झालं आता, आणि हा म्हणतो एक ठोसा नीट बसला की दिवस पालटतील, आपण बघणारे सगळं जाणून बसलोय आणि हा गडी मात्र जीव तोडून खेळतोय. शेवटच्या राउंडच्या आधी टायनी घाबरून खरं सांगतो तेव्हा मुद्दा पैशाचा राहतच नाही, आता पडला तर टायनीने त्याच्याबद्दल जो हिशोब केला होता तो बरोबर ठरणार. म्हणून तो पडत नाही.

रिंगमधली मारामारी खरी वाटते कारण स्टोकरचं काम करणारा रॉबर्ट रायन कॉलेजात असताना खरंच हेवीवेट बॉक्सर होता. हात कसा वर धरायचा, दमल्यावर खांदे कसे पडतात हे त्याला शिकवावं लागलं नसणार. पण मला जास्त आवडतो तो लॉकर रूमचा भाग. पोरं एकामागून एक बाहेर जातात आणि कुणी नाचत परत येतं, कुणाला उचलून आणतात, आणि स्टोकर मधेमधे खिडकीतून समोरच्या हॉटेलातल्या आपल्या खोलीचा दिवा बघतो, विझला का, म्हणजे ज्युली मॅचला निघाली का. बास, संवाद नाहीत फारसे.

आणि पब्लिक! एक जाड्या सतत खातोय, एक जण कानाला रेडिओ लावून बेसबॉल ऐकतोय, एक आंधळा माणूस शेजाऱ्याकडून प्रत्येक ठोशाचं वर्णन करून घेतोय. आधी डोळे झाकणारी बाई थोड्या वेळाने मार मार म्हणून किंचाळायला लागते. वाईज पूर्वी एडिटर होता, 'सिटिझन केन' त्यानेच कापलाय, आणि हे चेहरे तो असे मधे टाकतो की ठोसे खाणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यांचीच जास्त किळस येते. पार्श्वसंगीतही नाही, जे काय ऐकू येतं ते रेडिओवरचं नाहीतर समोरच्या क्लबातलं. शिवाय पडद्यावरचा वेळ आणि गोष्टीतला वेळ एकच, सुरुवातीला घड्याळात ९:०५ दिसतात, त्यामुळे सुटका नाही, सगळं त्याच्याबरोबर सोसायचं.

शेवटी गुंड गल्लीत त्याचा हात फोडतात. तो ज्युलीला म्हणतो आज मी जिंकलो, ती म्हणते आपण दोघंही जिंकलो. बरेच जण याला गोड शेवट म्हणतात, मला नाही पटत. तिला हवं होतं तेच झालंय ना, आता तो परत कधी खेळू शकणार नाही, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव आहे.

एक खटकतं मात्र. सिनेमा जोसेफ मॉन्क्युअर मार्चच्या १९२८ च्या दीर्घकवितेवरून घेतलाय आणि कवितेतला बॉक्सर काळा आहे, हॉलिवूडने त्याला गोरा केला. लॉकर रूममध्ये जेम्स एडवर्ड्स हा काळा नट छोट्या रोलमध्ये आहे आणि मस्त काम करतो. रायन कितीही आवडत असला तरी मुख्य रोल एडवर्ड्सला द्यायला हवा होता असं मला दर वेळी वाटतं.