टँकचा पीएच 8.7 वर गेलाय, काय करू?

प्रश्न: नमस्कार दादा, पुण्याहून लिहितोय. 200 लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरलचा) आहे, दीड वर्ष झालं, थोडे झोआ आणि एक हॅमर ही कोरल, दोन क्लाउन मासे. फेब्रुवारीपर्यंत पीएच 8.1 ते 8.3 च्या मधेच असायचा. ऑटो टॉप-ऑफच्या (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेच्या) ड्रममध्ये चुन्याचं काल्कवासर टाकतो, प्रमाण तेच, काहीच बदललं नाही. पण एप्रिलपासून संध्याकाळी 8.7 दिसतोय, सकाळीही 8.5 च्या खाली येत नाही, केएच (पाण्याची क्षारता, डिग्रीत) 12 झालाय, रिटर्न पंपावर पांढरा थर धरलाय आणि हॅमर नीट उघडत नाही. दुकानात म्हणाले पीएच डाऊनची बाटली घे. घेऊ का?

उत्तर: बाटली नका घेऊ, आधी मला एक सांगा, एप्रिलपासून टँकवर पंखा लावलाय ना? लावलाच असणार, पुण्याच्या उन्हाळ्यात पाणी 26 ला ठेवायचं तर चिलर नाहीतर पंखा. पंख्याने पाणी थंड होतं ते बाष्पीभवनामुळे, म्हणजे थंडीत रोज दीड लिटर उडत असेल तर आता चार-पाच लिटर उडतंय, आणि जेवढं उडतं तेवढं टॉप-ऑफ भरतो, तेही चुन्याचं! प्रमाण तेच असलं तरी डोस तिप्पट झालाय.

काल्कवासर म्हणजे आपली शाळेतली चुन्याची निवळी. पूर्ण मुरलेल्या निवळीचा पीएच 12 च्या वर असतो आणि तुमच्या टँकमध्ये ती 1 लिटर गेली की केएच साधारण अर्ध्या डिग्रीने वाढतो. पाच लिटर म्हणजे रोजचे अडीच-पावणेतीन. एक हॅमर आणि चार झोआ एवढं खातील कुठून? उरलेलं पंपावर जाऊन बसतंय, तो थर नखाने खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसला की चुनाच. शिवाय निवळी पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही ओढून घेते (स्ट्रॉने फुंकर मारल्यावर दुधाळ व्हायची, आठवतंय?), म्हणून पीएच वर चढतो.

तर आजच ड्रममध्ये साधं आरओचं पाणी भरा. पीएच मोजायचा पेन 7 आणि 10 च्या सोल्युशनमध्ये कॅलिब्रेट करून घ्या, अर्धी प्रकरणं तिथेच मिटतात. मग टँकचं पाणी एका ग्लासात घेऊन तासभर एअर स्टोन सोडून परत मोजा, पीएच उतरला तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय, मग सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) एअर स्टोन लावला तरी फरक पडेल, नाही उतरला तर नुसता केएचच जास्त आहे. तुमच्याकडे मला दोन्ही थोडंथोडं वाटतंय. केएच रोज एकाच वेळी मोजा, आपोआप 8-9 ला येऊ द्या, घाई केलीत तर हॅमर अजून मिटेल. त्यानंतर निवळी वेगळ्या डब्यातून, मोजून, रात्री थेंब थेंब द्या, कारण रात्री लाइट बंद असल्यावर पीएच तसाही खाली असतो. मग पंखा चालो की पाऊस पडो, डोस बदलणार नाही.

पीएच 8.7 ला प्यायचा प्लेन सोडा (त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणून पीएच उतरतो) वगैरे ओतायची गरज नाही. पीएच 9 च्या आसपास गेला तर मात्र थांबू नका. माझ्याकडे एकदा टॉप-ऑफचा फ्लोट स्विच अडकला आणि रात्रीत सहा लिटर निवळी आत गेली, पहाटे पाहतो तर पाणी ताकासारखं, क्लाउन कोपऱ्यात धापा टाकतोय, पेन 9.1. तेव्हा किराणा दुकान उघडायची वाट बघत बसलो होतो, म्हणून आता घरात प्लेन सोड्याची बाटली कायम ठेवतो. लिटरमागे दीड मिली धरा, म्हणजे तुमच्या टँकला 300 मिली, पीएच साधारण 0.3 ने उतरतो. साखर, लिंबू, मसाला नसलेलाच घ्या आणि सम्पमध्ये, पंपाजवळ, अर्ध्या तासात हळूहळू सोडा. पीएच जास्त असताना अमोनिया जास्त विषारी होतो, त्यामुळे त्या दिवशी खाणंही कमीच द्या.

प्रश्न: ठाण्याहून. पीएच उतरवायला लिंबू पिळलं तर चालेल का?

उत्तर: नको ताई. लिंबात आम्लाबरोबर साखर आणि बाकी बरंच काही असतं, त्यावर बॅक्टेरिया वाढून पाणी ढगाळ होतं आणि ऑक्सिजन पडतो. आणि संध्याकाळी 8.4, पहाटे 8.1 असं दिसत असेल तर काहीच करू नका, दिवसा शेवाळ आणि कोरल कार्बन डायऑक्साइड खातात म्हणून ते होतंच. दोन्ही वेळचे आकडे आणि केएच लिहून पाठवा, मग बघू.