होल सॉ चालवताना

होल सॉ म्हणजे ड्रिलला लावायची, कडेला दात असलेली गोल वाटीसारखी करवत, मध्ये एक बिट असतं. चिऱ्याच्या भिंतीला साधा होल सॉ लावू नकोस रे, जांभ्या दगडात दात लगेच बोथट होतात. तिथे कोअर बिटच हवं, म्हणजे दगड कापायचं पोकळ बिट. लाकडात मात्र होल सॉसारखं दुसरं काही नाही. फणसाच्या दाराला कुलपाचं ५४ मिमीचं भोक पाडताना मधलं बिट पलीकडे डोकावलं की थांब, उरलेलं दुसऱ्या बाजूने काप. कड फुटत नाही. वेग कमी ठेव, मध्ये मध्ये बाहेर काढून भुसा झाड.

दात अडकला तर ड्रिलच फिरतं. माझं मनगट असंच मुरगळलं होतं, म्हणून बाजूची मूठ धरच. चष्मा घाल, सैल हातमोजे नकोत. आत अडकलेली लाकडाची चकती काढण्याआधी ड्रिलचा विजेचा प्लग काढ. आपल्या खाऱ्या हवेत होल सॉवर रोज तेलाचा हात फिरव.