पूलमध्ये ब्रेक मारायला किती औंसाची स्टिक घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पूल, म्हणजे टेबलावर स्टिकने बॉल मारून पॉकेटात घालायचा खेळ, तुम्ही वर्षभर १९ औंसाच्या स्टिकने खेळताय, आता ब्रेकसाठी (डावाच्या पहिल्या फटक्यासाठी) वेगळी स्टिक घ्यायची आहे. मित्र म्हणतात २१ची घे, जड स्टिकने रॅक (त्रिकोणात मांडलेले बॉल) चांगला फुटतो. दुसऱ्या कुणी १८ सांगितली. ऐकायचं कुणाचं?

माझं म्हणणं, १९चीच घ्या. फार तर तुमच्या खेळायच्या स्टिकपेक्षा एक औंस कमी किंवा जास्त. २१ची घ्यायचीच असेल तर आधी कुणाची तरी मागून पंधरा दिवस मारून बघा, मगच पैसे काढा.

मी फोंड्याला खेळतो. आमच्या हॉलमध्ये ज्याचा ब्रेक सगळ्यात जोरात जायचा त्याची स्टिक २१ची होती, म्हणून मीही २१ची घेतली. तो सहा फुटांच्या वर, हात लांब. माझी उंची बेताची. पहिले काही दिवस आवाज ऐकूनच खूश होतो. मग लक्षात आलं की बॉल फुटतात, पण स्टिक ज्याला मारायची तो पांढरा बॉल माझ्या ताब्यात राहत नाही. कधी मधल्या पॉकेटात, कधी कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) उडून थेट बाकाखाली. ब्रेक मी मारायचो आणि टेबल समोरचा साफ करायचा. आमच्या हॉलची टेबलं सांभाळणाऱ्या मार्करमामांनी एक दिवस नुसतं बघून सांगितलं, "स्टिक जड, तुजो हात फाटीं उरता." हात मागे राहतो, हे त्यांचं निदान अगदी बरोबर होतं. शेवटच्या क्षणी स्टिक ओढून न्यायला मी खांदा घालत होतो, आणि खांदा आला की टिप, म्हणजे स्टिकचं पुढचं टोक, बॉलच्या मधोमध लागत नाही.

आता वजनाचा हिशोब बघू, कारण तो कुणी मांडतच नाही. एक औंस म्हणजे २८ ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. १८ची स्टिक साधारण ५१० ग्रॅम भरते, २१ची ५९५. पूलचा बॉल जास्तीत जास्त ६ औंसांचा, म्हणजे १७० ग्रॅम. टिपेत काही वाया जात नाही असं धरलं, तर १८च्या स्टिकने मारलेला बॉल स्टिकच्या वेगाच्या १.५ पट वेगाने सुटतो आणि २१च्या स्टिकने १.५६ पट. खऱ्या टिपेत थोडा जोर जिरतो, पण दोघींमधला फरक तेवढाच राहतो. म्हणजे तीन औंस वाढवून बॉलचा वेग वाढला चार टक्क्यांहूनही कमी. तोही जड स्टिक तुम्ही हलकीइतक्याच वेगाने आणली तरच. ती चार टक्के मंद आली की सगळा फायदा गेला.

याचा अर्थ हलकी स्टिक जादू करते असाही नाही. स्टिक एकटी फिरत नाही, कोपरापासून पुढचा हात तिच्यासोबत फिरतो. सत्तर किलोच्या माणसाचा तेवढा हात दीड किलोच्या आसपास भरतो. त्या दीड किलोपुढे ८५ ग्रॅम कमी केल्याने हाताचा वेग कितीसा वाढणार? म्हणून १८वाले आणि २१वाले जोरावरून भांडतात तेव्हा दोघांचंही मला पटत नाही. वजनाने जोर फार बदलत नाही. बदलते ती नेमकेपणाची गोष्ट, आणि ब्रेकचं खरं मोल तिथेच आहे.

पांढरा बॉल रॅकच्या पहिल्या बॉलवर अगदी समोरून लागला तर जवळजवळ सगळा जोर रॅकमध्ये जातो. बॉलचा व्यास ५७ मिलिमीटर. समजा तुमचा नेम त्याच्या पाव भागाने, म्हणजे १४ मिलिमीटर चुकला. रॅकला मिळणारी ऊर्जा साधारण सहा टक्क्यांनी घटते. १८वरून २१वर जाऊन ऊर्जेत सात-साडेसात टक्के मिळवायचे होते, त्यातले बहुतेक इथेच संपले. पण खरा तोटा वेगळाच आहे. पांढऱ्या बॉलच्या मूळ वेगाचा चौथा हिस्सा त्याच्याकडेच राहतो आणि तो आडवा पळतो. ब्रेकच्या वेगाचा चौथा हिस्सा म्हणजे बॉल सहज कुशनला लागून फिरेल, मधलं पॉकेट शोधेल. २८ मिलिमीटर चुकलात तर अर्धा वेग. मग स्क्रॅचसाठी, म्हणजे पांढरा पॉकेटात गेला म्हणून, नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही.

तुम्ही कॅरम खेळला असालच. चवथीच्या दिवसांत घरोघरी बोर्ड निघतात तेव्हा एक गडी हमखास असा असतो, जो सगळ्यात जड स्ट्रायकर शोधून काढतो आणि पहिल्याच फटक्यात तो भोकात घालतो. हलक्या हाताने पण सरळ मारणारा शेजारी तीन सोंगट्या घेऊन जातो. पूलचा ब्रेक त्याच जातीचा आहे.

मग आपलं वजन ओळखायचं कसं? दुकानात हातात तोलून काही कळत नाही, हे आधी सांगतो. हॉलमधल्या स्टिकांच्या मुठीवर बहुतेक वेळा १८, १९, २०, २१ असे आकडे असतात. एक दुपार, गर्दी नसताना जा आणि चारही काढा. रॅक लावूच नका. पांढरा बॉल ब्रेकच्या जागी, मधल्या रेषेवर ठेवा आणि समोरच्या कुशनच्या मध्यावर सरळ मारा. आधी अर्ध्या जोराने, मग पूर्ण. बॉल परत टिपेकडे आला पाहिजे. डावीकडे किंवा उजवीकडे सरकला तर एकतर नेम तिरका होता किंवा तुम्ही नकळत साइड (बाजूची फिरकी) दिलीत. ज्या वजनाने पूर्ण जोरातही बॉल सारखा सारखा परत येतो, ते तुमचं.

साइड की नेम हे वेगळं काढायचं असेल तर पांढऱ्याच्या जागी पट्ट्याचा बॉल घ्या, पट्टा उभा आणि तुमच्याकडे तोंड करून ठेवा. टिपेला चॉक लावून मारा आणि बॉल उचलून चॉकचा ठिपका बघा. पट्ट्याच्या मधोमध असेल तर हात सरळ आहे. मला हा ठिपका बघितल्यावरच कळलं की २१च्या स्टिकने मी दर वेळी उजवीकडे लागत होतो. १९ने तो मध्यावर आला, १८ने पुन्हा थोडा भरकटला, कारण हलक्या स्टिकला माझा हात घाईने ओढतो. तुमच्याकडे उलटं निघू शकेल. म्हणूनच आकडा दुसऱ्याकडून घेऊ नका.

मगच रॅक लावा. त्यातही फुटलेले बॉल मोजण्याआधी पांढरा कुठे थांबला ते बघा. टेबलाच्या मध्याच्या आसपास थांबत असेल तर ब्रेक चांगला, एखादा बॉल पडो न पडो. एटबॉल या पूलच्या प्रकारात काहीच पडलं नाही तर किमान चार बॉल कुशनला लागावे लागतात, आणि तेवढ्यासाठी राक्षसी जोराची गरज नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर वजनापेक्षा टिपेवर करा. ब्रेकच्या स्टिकला फेनॉलिकची (कडक प्लास्टिकसारखी) टिप मिळते. चामड्याच्या टिपेपेक्षा ती कमी दबते, म्हणून त्याच हाताने बॉल जास्त वेगाने सुटतो. दोष एवढाच की ती मध्य सोडून लागली तर लगेच घसरते, चॉक तिच्यावर तितका टिकत नाही. सरळ हात असलेल्यासाठीच ती चांगली. आणि शक्य तर अशी स्टिक घ्या जिच्या मागचा रबर काढून आतला वजनाचा बोल्ट ॲलन कीने बदलता येतो. अर्धा-एक औंस पुढे-मागे करायला नवी स्टिक घ्यावी लागत नाही. बोल्ट मागे असतो, तेव्हा वजन वाढवलं की तोलही मागे सरकतो, हे लक्षात ठेवा. नियमाची वरची मर्यादा २५ औंसांची आहे, पण तिथपर्यंत जायचं काही कारण मला तरी सापडलं नाही.

आपल्या पावसाळ्याचं एक. जून ते सप्टेंबर टेबलाचं कापड दमट होतं, बॉल मंद पळतात, आणि वाटतं की आपला ब्रेक कमजोर झाला, जड स्टिक हवी. मी पहिल्यांदा २१कडे वळलो तो जुलैच होता. टेबल दमट असेल तर सगळ्यांचाच ब्रेक मंद असतो. त्या महिन्यांत वजन ठरवू नका. हाताच्या घामाने स्टिक बोटांत अडकते ती वेगळी अडचण, त्यासाठी हातात ग्लव्ह घाला. आणि लाकडी स्टिक गाडीच्या डिकीत किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, वाकते. टेबलावर गडगडवून बघितली की टिप थरथरते का ते लगेच दिसतं.

तुम्ही टेबल आठ फुटी आहे की नऊ, ते लिहिलं नाहीत. आणि ब्रेकला पांढरा बॉल मधून ठेवता की बाजूच्या कुशनजवळून? चॉकच्या ठिपक्याची चाचणी करून हे दोन्ही कळवलंत तर स्टिकनंतरचं, म्हणजे बॉल कुठे ठेवायचा ते, पुढच्या उत्तरात लिहितो.