सुट्टीच्या दिवशी रचलेले ग्रह

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. नोकरीत सगळा दिवस जातो, रचना अर्धवट राहते, म्हणून राजीनामा द्यावा का, असं विचारलं आहेस. माझं मत आधीच सांगते: इतक्यात देऊ नकोस. आणि या रविवारी इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टची ‘द प्लॅनेट्स’ ही वाद्यवृंदाची रचना सलग ऐक; तिचा एकेक भाग एकेका ग्रहावर आहे. पाऊण-एक तास लागेल. मोबाईल हाताशी ठेवू नकोस.

होल्स्ट लंडनला हॅमरस्मिथमधल्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत संगीत शिकवायचे, शिवाय मॉर्ली कॉलेजात प्रौढांचे वर्ग घ्यायचे. मीही जन्मभर शाळेत गाणं शिकवलं, त्यामुळे दिवसभर मुलांकडून गाऊन घेतल्यावर स्वतःसाठी किती जीव उरतो, ते मला ठाऊक आहे. त्यांच्या हाती उरायचे शनिवार-रविवार आणि ऑगस्टची सुट्टी. त्यात उजव्या हाताला नसांचं दुखणं, लेखणी धरवत नसे. वाद्यवृंदाच्या संहितेचा बराच भाग त्यांनी व्हॅली लास्कर आणि नोरा डे या शाळेतल्या सहकारी शिक्षिकांकडून लिहून घेतला. १९१४ ते १९१७, असं हे काम चाललं.

सुरुवात मंगळाने होते. पाच मात्रा. हाताने धरून बघ: पहिल्या मात्रेत तीन ठोके, मग एक, एक, चौथीत दोन, पाचवीत एक. तुला झपताल अंगवळणी आहे, पण इथलं वजन निराळं. सुरुवातीला तंतुवाद्यवाले गज उलटा करून त्याचं लाकूड तारांवर आपटतात, त्यातून तो कोरडा, अंगावर येणारा आवाज निघतो. गुरू सगळ्यांना लगेच आवडतो, पण तिथे थांबू नकोस. शनी ऐक. बासरी आणि हार्प दोनच स्वरसंगतींवर आळीपाळीने झुलत राहतात, म्हातारपण दबक्या पावलांनी येतं. होल्स्टना स्वतःला हाच भाग सर्वांत आवडायचा.

शेवटी नेपच्यून. स्त्रियांचा कोरस शेजारच्या खोलीतून गातो, एकही गायिका दिसत नाही. शब्दही नाहीत. शेवटचं आवर्तन पुन्हा पुन्हा म्हणायचं आणि दार सावकाश, आवाज न करता लोटत न्यायचं. ही युक्ती एकाएकी सुचलेली नव्हे. होल्स्ट संस्कृत शिकले होते, ऋग्वेदातल्या सूक्तांची भाषांतरं त्यांनी स्वतः केली होती, आणि महाभारतातल्या सावित्रीवर त्यांनी आधीच ऑपेरा लिहिला होता. त्यातही पडद्याआडचा स्त्रियांचा कोरस आहेच.

२९ सप्टेंबर १९१८ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये वाद्यवृंद-संचालक एड्रियन बोल्टनी निमंत्रितांपुढे हे पहिल्यांदा वाजवून घेतलं. दाराआड गाणाऱ्यांत होल्स्टच्या शाळेतल्या विद्यार्थिनी होत्या. हे विसरू नकोस. तुझ्या कॉलनीतल्या भजनी मंडळात सहा आवाज आहेत, असं तूच लिहिलं होतंस. त्या सहा जणींसाठी लिही, त्यांच्याच पट्टीत. येत्या शनिवारी सकाळचे तीन तास राखून ठेव आणि जे कागदावर उतरेल ते, अर्धंमुर्धं असलं तरी, रात्री मला पाठव.