लिलावात निघालेलं वडिलांचं चित्र आणि लेकीचा हिस्सा

प्रश्न: माझं माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. वडिलांनी एका आधुनिक चित्रकाराकडून विकत घेतलेलं फुलांचं तैलचित्र सोप्यात लावलेलं असायचं. निळसर धुक्यात फुलदाणी, आणि फुलं देठ सोडून वर तरंगणारी. वडील मृत्युपत्र न करता गेले. भाऊ ‘साफ करून आणतो’ म्हणाला, मीही व्हॉट्सॲपवर ‘ने’ लिहिलं. आता ते मुंबईच्या एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये दिसतंय. भाऊ म्हणतो, लग्न झालेल्या मुलीला घरातल्या वस्तूंवर हक्क नाही. आई त्याच्याकडेच असते. काय करू?

उत्तर: ताई, भावाचं म्हणणं कायद्यात बसत नाही. चित्र वडिलांच्या स्वकमाईचं, मृत्युपत्र नाही. तुम्ही दोनच भावंडं असाल तर हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 8 प्रमाणे आई, भाऊ आणि तुम्ही समान वाटेकरी. लग्नाचा इथं संबंध येत नाही.

मला काळजी वाटते ती त्या ‘ने’ची. माल विक्री कायदा, 1930 चं कलम 28 असं आहे की, बाकीच्या सहमालकांच्या परवानगीनं वस्तू एकाच्याच ताब्यात असेल, त्यानं ती विकली आणि प्रामाणिकपणे घेणाऱ्याला विकणाऱ्याकडे तसा अधिकार नाही हे ठाऊक नसेल, तर मालकी घेणाऱ्याकडे जाते. ‘साफ करायला ने’ म्हणजे ‘वीक’ नव्हे, हे कोर्टात मांडता येईल. पण ती वेळच येऊ देऊ नका. कलम 64 प्रमाणे हातोडा पडला की विक्री पुरी झाली. त्याआधी हरकत पोचली पाहिजे. लिलाव कंपनीला आजच ई-मेल करा, पाठोपाठ वकिलामार्फत स्पीड पोस्टनं नोटीस: लॉट क्रमांक (कॅटलॉगमधला त्या वस्तूचा नंबर), तीन वारस, माझी संमती नाही, लॉट मागे घ्या. प्रत भावाला. वादातला माल विकून कटकट ओढवून घेण्यापेक्षा कंपन्या बहुधा तो बाजूला ठेवतात.

कॅटलॉगमध्ये चित्राखाली आधीच्या मालकांची ओळ असते. तिथं वडिलांचं नाव छापलं असेल तर भावानंच तुमचं काम केलं म्हणायचं! स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. तो कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल. घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये मागच्या भिंतीवर हे चित्र दिसणारा फोटो सापडला तर उत्तमच.

एवढ्यानं भागलं नाही तर वाटणीचा दावा आणि तात्पुरता मनाई हुकूम. चित्र खानापुरातून नेलंय, त्यामुळे दावा इथंच लावता येईल. कोणत्या कोर्टात ते चित्राच्या किमतीवरून ठरेल. मराठी कागदांची कन्नड किंवा इंग्रजी भाषांतरं आत्ताच करून घ्या. तारखेच्या आदल्या संध्याकाळी भाषांतरकार शोधत फिरणारे अशील सीमाभागात काही कमी नाहीत.

आईला मात्र स्वतः जाऊन भेटा. तिनं भावाला सही दिली असली तरी ती तिच्या हिश्शापुरती. तुमचा हिस्सा त्यात जात नाही. चित्राचे तीन तुकडे कोर्टही करणार नाही. माझं मत विचाराल तर विक्री अडवून धरण्यापेक्षा तिघांचा लेखी करार करून ती होऊ द्या: किमान किंमत किती, कमिशन वजा जाता पैसे थेट तीन खात्यांत.

आणखी एक वाटेकरी निघू शकतो. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 53अ प्रमाणे मूळ चित्राची फेरविक्री दहा हजारांवर गेली तर चित्रकार किंवा त्याचे वारस किमतीत हिस्सा मागू शकतात, जास्तीत जास्त 10 टक्के. चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हा हक्क राहतो. तशी मागणी आली तर ती रक्कम वाटणीआधी काढायची, हेही करारात लिहून घ्या.